अकरा ते एक फोन एंगेज

परवा ठाण्याला नौपाड्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात एक मुलगी दुकानदाराशी तावातावाने भांडत होती. तिच्या फोनवर कॉल आला की नेट बंद पडायचं. मैत्रिणीच्या कार्डावर बोलणं आणि नेट दोन्ही एकदम चालतं, मग माझ्याच कार्डावर का नाही, असा तिचा सवाल होता. दुकानदार समजावत होता की नेटवर्कानेटवर्कात फरक असतो, काहींवर कॉल लागला की नेट थांबतं, त्याला कोणी काही करू शकत नाही. शेवटी कंटाळून तो म्हणाला, "मॅडम, आधी बोलून घ्यायचं, मग नेट वापरायचं. एवढं काय त्यात?"

मी चार्जर घ्यायला गेलेले. माझा काडीचा संबंध नव्हता. तरी मी म्हटलं, "तिला दोन्ही हवंय तर तिने एक का सोडायचं?"

दुकानदाराने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. त्या मुलीनेही वळून पाहिलं. तिला वाटलं असेल, ही बाई उगाच मध्ये पडतेय. पण त्या भांडणातली मी जुनी खेळाडू आहे, आणि माझं भांडण तिच्यापेक्षा मोठं होतं.

आमच्या डोंबिवलीच्या घरी फोन आला तेव्हा मी सातवीत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बाबा आंबिवलीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. त्यांनी मी बालवाडीत असताना फोनचा नंबर लावला होता, आणि तो एकदाचा लागला. काळा, जड, तबकडीचा फोन. सोळा बिऱ्हाडांच्या बिल्डिंगमध्ये तो एकच होता. महिन्याभरात आमचा नंबर सगळ्या बिल्डिंगचा झाला. कोणाच्या लग्नाच्या पत्रिकेवर, कोणाच्या नोकरीच्या अर्जावर, कोणाच्या मुलाच्या स्थळाच्या माहितीत आमचा नंबर आणि त्याच्यापुढे कंसात पी.पी. शेजाऱ्याचा फोन आहे, हाक मारून बोलावतील, असा त्या दोन अक्षरांचा अर्थ. हाक मारायला अर्थातच मी. अभ्यास सोडून चौथ्या मजल्यावर पळ, "काकू, तुमच्या भावाचा फोन," परत खाली ये, तोवर तळमजल्यासाठी दुसरा फोन. आमच्या हॉलमध्ये कायम कोणीतरी परकं माणूस उभं असायचं, कोपऱ्यात तोंड करून स्वतःच्या घरचं रडगाणं सांगत. आम्ही तिघं स्वयंपाकघरात गुपचूप बसायचो, त्यांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून. मला त्या फोनचा मनस्वी राग होता.

बाबांना नव्हता. कोणालाही, कशालाही नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. फोनबाबत तर त्यांचा एक नियमच होता. समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत आपण रिसीव्हर ठेवायचा नाही. रॉंग नंबर असला तरी ते "नमस्कार, चुकून लागला वाटतं," म्हणायचे आणि पलीकडून खट् आवाज येईपर्यंत कानाला धरून थांबायचे. आपण आधी ठेवला तर तो समोरच्याचा अपमान, असं त्यांना मनापासून वाटायचं. आई चिडवायची, "एखादा बोलतबोलत झोपला तर तुम्ही सकाळपर्यंत उभे राहाल." मी कॉलेजात असताना आई गेली. नंतर तसं चिडवणारंही कोणी राहिलं नाही.

बाबांनी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. शेजारच्या ब्लॉकमध्ये एक काकू राहायच्या. त्या इथल्याच, मूळच्या आगरी. आमची बिल्डिंग त्यांच्या सासऱ्यांच्या भातशेतावर उभी होती. जमिनीचे पैसे दिरांनी वाटून घेतले आणि विधवा काकूंच्या वाट्याला हा ब्लॉक आला. त्यांचा मुलगा मस्कतला ड्रायव्हर होता. त्याचा फोन आला की काकू धावत आमच्याकडे यायच्या, आणि एकदा त्या पाय घसरून पडल्या. झालं, बाबांनी ओळखीच्या वायरमनला सांगून आमच्या गॅलरीतून त्यांच्या गॅलरीत वायर टाकली. आमच्याच लाइनवर त्यांच्याकडे दुसरा फोन. त्याला पॅरलल म्हणायचे. कायद्यात बसत नव्हतं, पण अख्ख्या डोंबिवलीत अशा वायरी लोंबत होत्या.

दोन घरांत एकदम रिंग वाजायची. काकू फोनच्या शेजारीच पाटावर बसलेल्या असायच्या, त्यामुळे पहिला उचलायच्या त्याच. फोन आमचा असला तर मधल्या भिंतीवर हाताने एक थाप मारायच्या. मग आम्ही उचलायचो आणि त्या ठेवायच्या. लगेच ठेवायच्या असं मात्र नाही. त्यांचा श्वास मला ऐकू यायचा.

हे सगळं सोडून मी लग्न होऊन कल्याणला गेले. सासऱ्यांची घाऊक बाजारात पेढी, घर भरलेलं. तिथेही फोन होता, पण त्याच्या तबकडीला छोटंसं पितळी कुलूप होतं. आलेला फोन घेता यायचा, करता यायचा नाही. किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. दुपारी साडेबाराला ते जेवायला घरी आले की सासूबाई त्यांच्याकडून कुलूप काढून घ्यायच्या आणि त्यांचे काय ते फोन करायच्या. मला बाबांना फोन करायचा असला तर आधी कारण सांगावं लागायचं. "काल तर बोललीस," असं उत्तर यायचं. मी बी.एस्सी. झालेली, टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिलेली, आणि वडिलांना पाणी आलं का हे विचारायला मला परवानगी हवी. नोकरीचं नाव काढलं तर नवरा पेपरात डोकं घालायचा. मला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. लोकांना तेच पचायचं नाही. मारत नव्हते ना, मग आलीस कशाला? दोन वर्षांनी मी एक बॅग घेऊन आले आणि तोवर रिटायर झालेल्या बाबांना म्हटलं, मी राहायला आलेय. बाबा "बरं" म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं नसतंच, त्यामुळे त्या "बरं"चा अर्थ काय लावावा ते मला कळलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. नौपाड्यात एका जुन्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक ऑफिस निघालं होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाले की त्यांची टिपणं तोंडी बोलून ठेवायचे, ती बोलणी इंटरनेटवरून इथे यायची, आणि इथल्या मुली ती ऐकून टाइप करून परत पाठवायच्या. मी तिथे तीन महिने शिकले. ऑफिसात जागा होती ती रात्रपाळीला. पण तिथल्या मॅडम म्हणाल्या, स्वतःचा कॉम्प्युटर आणि फोनची लाइन असेल तर घरून दिवसाचं काम देते. मी पाटल्या मोडून कॉम्प्युटर घेतला. मोडेम नावाचा डबा घेतला. आणि ज्या फोनने माझं बालपण खाल्लं, त्याची वायर पहिल्यांदा माझ्या टेबलावर आणली.

त्या वेळी इंटरनेट लावायचं म्हणजे फोनच लावायचा. मोडेम नंबर फिरवायचा, मग कुईं, खर्र, घूं असा आवाज करून पलीकडच्या यंत्राशी जुळवून घ्यायचा. तो जुळला की फोन संपला. एका तारेवर एक तर माणसाचं बोलणं किंवा कॉम्प्युटरचं, दोन्ही एकदम नाही. बाहेरून कोणी फोन केला तर त्याला एंगेज टोन. आणि मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की जुळलेलं तुटायचं. अर्धी उतरलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून उतरवायची. मॅडमचा नियम कडक होता. रोज अकरा ते एक या वेळात कालचं टाइप केलेलं पाठवायचं आणि आजचा आवाज उतरवून घ्यायचा. एकनंतर आलेलं काम दुसऱ्या मुलीला.

पहिल्याच आठवड्यात बिल्डिंगमध्ये बोंब झाली. तोवर पाचसहा घरांत स्वतःचे फोन आले होते, पण बाकीच्यांची पी.पी.ची सवय काही सुटली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे काका जिन्यात बाबांना म्हणाले, "अहो, दोन तास फोन लागत नाही म्हणजे काय?" चौथ्या मजल्यावरून सूचना आली की मुलीला म्हणावं, हे रात्री कर, रात्री कोण फोन करतंय! बाबांनी ती जशीच्या तशी माझ्यापर्यंत पोहोचवली. "रात्री केलंस तर?"

"रात्री का?" मी म्हटलं. "मी काही चोरी करतेय? नोकरी आहे, दिवसाची आहे, दिवसाच करणार."

आणि मी फुलस्केप कागदावर ठळक अक्षरांत लिहून जिन्यातल्या फळ्यावर लावलं : 'अकरा ते एक फोन एंगेज राहील. कारण : काम.' खाली 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' लिहायला हात गेला होता. तो मी मागे घेतला. गेली पंधरा वर्षं माझी जी गैरसोय झाली तिच्याबद्दल कोणी क्षमस्व म्हटलं नव्हतं. कोणीतरी तो कागद फाडला. मी दुसरा लावला. तो फाडला, तिसरा लावला. फुलस्केपचा अख्खा दस्ता माझ्याकडे होता.

बिल्डिंगला मी पुरून उरले. काकूंपुढे मात्र हात टेकले. अकरा ते एक या वेळात त्या किमान तीनदा रिसीव्हर उचलायच्या. टेलिफोन महिनामहिना मरून पडायचे तेव्हापासून सगळ्यांनाच ही खोड होती, येताजाता उचलून बघायचं, टोन आहे की डेड झाला. काकू उचलायच्या, त्यांच्या कानात खर्र व्हायचं, त्या ठेवायच्या. इकडे माझी सत्तर टक्के उतरलेली फाइल मातीत.

मी जाऊन सांगितलं. नीट सांगितलं, हातवारे करून सांगितलं.

"मी बोलले काय कोनाशी?" काकू म्हणाल्या. "नुसता उचलला न ठेवला."

"नुसता उचलला तरी तुटतं, काकू."

"असा कसा तुटल? माझा हात लागला न तुटला? काचेचा हाय काय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलगा मस्कतहून फोन करायचा तो शुक्रवारी, त्याची सुट्टी असायची तेव्हा. ते मला पाठ होतं. पण काकू सोमवारी उचलायच्या, मंगळवारी उचलायच्या, रोज उचलायच्या. त्या महिन्यात माझं काम दोनदा एकच्या पुढे गेलं. मॅडमनी फोन करून शांतपणे सांगितलं, "तुझं टायपिंग सगळ्यांत चांगलं आहे. पण तिसऱ्यांदा झालं तर घरचं काम बंद. मला दुसरा इलाज नाही."

घरचं काम बंद म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काम होतं तोवर मी काम करणारी बाई होते. काम गेलं की मी माहेरी येऊन बसलेली बाई झाले असते, आणि अशा बाईला चार लोक मिळून परत नेऊन सोडतात. आपल्याकडे रीतच ती, मुलगी आपण होऊन आली तर बापानेच नेऊन सोडायची. सासरचे दारात येत नाहीत, त्यांचा मान जातो. मला एवढंच बरं वाटत होतं की आठ महिन्यांत कल्याणहून एकही फोन आला नव्हता. सोडला त्यांनी नाद, असं मी समजत होते. खरं सांगायचं तर थोडं लागतही होतं. आठ महिन्यांत एकदाही चौकशी नाही?

बाबांना म्हटलं, ती पॅरललची वायर काढूया. बाबा पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलले. "मी शब्द दिलाय त्यांना. दिलेली वायर काढून घ्यायची नाही."

त्याच दिवशी, सोमवारी, ते दूध आणायला गेले तेव्हा मी गॅलरीत गेले आणि कात्रीने ती वायर कापली. मंगळवारी फाइल एका दमात उतरली. बुधवारीही. मी खुर्चीत बसून एकटीच हसले.

काकूंना वाटलं, फोन डेड झालाय. त्यांनी दोन दिवस बाबांना तक्रार करायला सांगितलं, आणि मी गप्प राहिले. त्याची लाज मला आजही वाटते. कापल्याची नाही, गप्प राहिल्याची वाटते. बुधवारी संध्याकाळी मी नौपाड्याच्या ऑफिसातून पगार घेऊन परत आले तर बाबा हॉलमध्ये चष्मा पुसत बसलेले.

"दुपारी कल्याणहून फोन होता," ते म्हणाले. "तुझ्या सासूबाईंचा. रविवारी आणून सोडा म्हणाल्या. घरात पूजा आहे, त्या निमित्ताने ये म्हणतायत. झालं गेलं विसरून जाऊ."

"तुम्ही काय म्हणालात?"

बाबांनी चष्मा लावला. "आणून सोडतो म्हणालो. शनिवारी साडेबाराला पुन्हा करतील, किती वाजता येताय ते विचारायला."

"मला विचारलंत?"

"अगं, त्या समोरून बोलत होत्या. तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

मी इतकी ओरडले की शेजारच्या कुकरची शिट्टी थांबली असं वाटलं. शब्द दिलाय, शब्द दिलाय! सगळ्या जगाला यांचा शब्द, आणि त्या शब्दाखाली नेमकी मी. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबले, त्यांच्या नियमाप्रमाणे. त्याने मला आणखीच राग आला.

थोड्या वेळाने दार वाजलं. काकू होत्या. त्यांच्या हातात कापलेल्या वायरचं टोक होतं. गॅलरीतून ओढून आणलेलं.

"काय गो," त्या म्हणाल्या, "ही उंदरानं नाय कुरतडली."

"मी कापली."

मला वाटलं, आता शिव्या. काकूंच्या शिव्या तळमजल्यापर्यंत ऐकू जायच्या. पण त्या आत येऊन खाली बसल्या. बाबा गॅलरीत निघून गेले.

"सासूचा फोन आलेला ना? ऐकला मी. भिंतीतून सगळा ऐकू येतं." मग वायरचं टोक जमिनीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आठ महिने मी येऊ दिला नव्हता."

मला समजेना. काकूंनी सांगितलं ते असं. मी माहेरी आल्यापासून सासूबाई दर दोनतीन दिवसांनी फोन करत होत्या. वेळ ठरलेली, सासरे जेवायला आले आणि कुलूप निघालं की. माझं काम सुरू झाल्यावर लाइन एक वाजता सुटायची आणि लगेच त्यांचा फोन वाजायचा. काकू पाटावर तयार असायच्या. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलायच्या आणि भिंतीवर थाप मारायच्याच नाहीत.

"कधी सांगायची, बाबा झोपलेत. कधी सांगायची, पोरगी कामाला गेली. एकदा तर बोलले, हिथं आता मच्छीचा गोडाऊन हाय, राँग नंबर. परत करायची, तर परत मीच. मोरीत कपडे धुवायला गेले तर रिंग ऐकू येत नाय, म्हणून मधी मधी उचलून बघायची, तुझा कुईकुई संपला काय ते."

म्हणजे माझी लाइन जी रोज तुटत होती ती यामुळे. मी थक्क झाले, आणि पाठोपाठ चिडले. "पण मला विचारलंत का तुम्ही? माझा फोन होता तो!"

"तू मना विचारून वायर कापलीस?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "माझी पोर पन आलेली अशीच," त्या म्हणाल्या. "तुझ्या आधी, खूप वर्सं झाली. चार मानसं बोलली, नेऊन सोड. मी सोताच्या हातानं नेऊन सोडली. रिक्शात रडत होती. मी बोलले, रडू नको, लोक बघतात." वायरचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्या म्हणाल्या, "हाय ती तिथंच. पन माझ्याशी बोलत नाय. मुलगा मस्कतवरून बोलतं, ती भिवंडीवरून नाय बोलत."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि रडले. त्याही रडल्या. नंतर मी उठून सुरी आणली, वायरची दोन्ही टोकं सोलली, तांब्याच्या तारा एकमेकींत पिळल्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. काकूंनी त्यांच्या घरी जाऊन रिसीव्हर उचलला आणि भिंतीवर एक थाप मारली. टोन आला होता.

"आता अकरा ते एक उचलणार नाय," त्या भिंतीपलीकडून ओरडल्या. "तुझा संपल्यावर थाप मार. मग मी बघते."

मी म्हटलं, "काकू, या वेळी फोन मीच घेणार."

शनिवार उजाडला. बाबांनी माझी बॅग कपाटावरून काढून पलंगाखाली ठेवली होती. मी ती पुन्हा कपाटावर टाकली. अकरा वाजता मी मोडेम लावला, कालचं काम पाठवलं आणि आजचा आवाज उतरवायला लागले. आठवड्याचा शेवटचा दिवस होता, फाइल नेहमीपेक्षा मोठी होती.

सव्वाबाराला बाबा हॉलमध्ये येऊन फोनजवळ उभे राहिले. "अगं, आता मोकळी कर लाइन. साडेबाराला त्यांचा फोन येईल."

"एक वाजेपर्यंत एंगेज."

"दहा मिनिटं तरी."

"दहा मिनिटं नाही आणि दोन मिनिटं नाही. बाहेर फळ्यावर लिहिलंय, बाबा. वाचून या."

"एंगेज लागला तर त्यांना वाटेल आपण मुद्दाम..."

"मुद्दामच आहे!"

साडेबारा झाले. बाबांनी हात रिसीव्हरवर ठेवला. नुसता ठेवला. तो दोन बोटं वर झाला असता तर फाइल गेली असती, फाइलबरोबर काम, आणि दुसऱ्या दिवशी मी रिक्षात बसून कल्याणला. त्यांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांचा हात धरला नाही. ओरडलेही नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक मला बघायचं होतं, ते काय करतात.

"सारखं काय येत असतं गं त्यातून?" त्यांनी विचारलं. हात तसाच.

मी कानाला लावायचं यंत्र काढून त्यांच्या डोक्यावर बसवलं आणि आधी उतरलेला एक आवाज लावला. एक म्हातारा डॉक्टर सावकाश बोलत होता. पेशंट बाईचं वय, छातीत कुठे दुखतं, कधीपासून. मध्येच खोकला, "एक्स्क्यूज मी" म्हणाला आणि पुन्हा बोलायला लागला. बाबांना थोडंफार इंग्रजी समजायचं. ते डोळे मिटून ऐकायला लागले.

"हा माणूस बोलतोय कुठून?"

"अमेरिकेतून. असे सात जण आहेत आज. चार उतरले, तीन यायचेत. तुम्ही फोन उचललात की जो येतोय तो अर्ध्यात तुटणार."

"मग ह्याचं पुढे कोण ऐकणार?"

"कोणी नाही. मी ऐकते म्हणून तो लिहिला जातो."

बाबांनी रिसीव्हरवरचा हात काढला. मग फोनसमोरचं स्टूल ओढून त्यावर बसले, यंत्र कानावर तसंच, आणि त्या डॉक्टरचं बोलणं संपेपर्यंत ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "पुढचा लाव." मी पुढचा लावला. एक वाजायला पाच कमी असताना सातवी फाइल पुरी उतरली. मी मोडेम बंद केला आणि भिंतीवर एक थाप मारली. पलीकडून एक थाप आली.

लगेच रिंग वाजली. मी उठले, पण बाबा फोनजवळ होते. त्यांनी उचलला. मी त्यांच्या कानाशी कान लावला. पलीकडे सासूबाई, आणि मागे ओळखीचा श्वास, शेजारच्या पाटावरचा.

"अर्धा तास लावतेय! एंगेज, एंगेज!" सासूबाई म्हणत होत्या. "बरं, उद्या किती वाजता आणताय तिला?"

"नमस्कार," बाबा म्हणाले. "अकरा ते एक तिला लाइन लागते हो. रोज. कामाचं आहे. तुमच्याकडे त्या फोनला कुलूप असतं ना, ते अजून आहे?"

"कुलुपाचा इथे काय संबंध? तुम्ही वेळ सांगा."

"म्हणजे आहे."

"अहो, घरची पद्धत आहे ती. त्यात एवढं..."

"मग ती नाही यायची," बाबा म्हणाले.

पलीकडे सासूबाई बोलायला लागल्या. आवाज चढला, त्यात माझं नाव आलं, आईचं नाव आलं, लोक काय म्हणतील ते आलं. बाबांनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग समोरची बाई बोलत असतानाच, तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच, बाबांनी फोन खाली ठेवला.